रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका बँडची वाटचाल

होळीच्या रात्री अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाकडे निघालेल्या माणसाला ढोल कानाच्या आधी छातीत ऐकू येतो. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसं येतात आणि आपापले ढोल घेऊन येतात. कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले, अंगावर राखेची नक्षी काढलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप चढवलेले बुध्या रात्रभर नाचतात. काठीची राजवाडी होळी पेटते ती पहाटे, उजाडायच्या बेताला. त्या रात्री तिथे जे वाजतं ते कुणी बाहेरून आणून दिलेलं नसतं. ताल बापाकडून पोराकडे आलेला असतो. ही चाल कुणाची, असा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

होळी उलटली की याच जिल्ह्यात लग्नसराई सुरू होते आणि बँडवाल्यांच्या वह्या सुपाऱ्यांनी भरतात. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या रस्त्यांवरून वरातीपुढे जो बँड चालतो, त्याच्याकडे कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, गाडीवर रचलेले भोंगे आणि स्पीकर असतात. वऱ्हाडाची फर्माईश असेल ते त्याला वाजवावं लागतं. घटकेत हिंदी सिनेमातलं नवं गाणं, घटकेत अहिराणी गाणं. नवापूर पट्ट्यात रोडालीचं गाणं सुरू झालं की हातात हात गुंफून रांगाच्या रांगा नाचायला लागतात. तेच वाजवणारे आणि तीच वाद्यं, पण रोडालीला त्यांची बोटं वेगळी चालतात. दुसऱ्याची चाल वाजवणं आणि आपली चाल वाजवणं यांतला फरक नंदुरबारच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तो दर उन्हाळ्यात मांडवापुढे उभं राहून तो फरक ऐकत असतो.

पुढच्या पानांतली कहाणी याच फरकाची आहे, फक्त ती घडली मुंबईत, इलेक्ट्रिक गिटारवर आणि इंग्रजी भाषेत. १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाने सुरू झालेला आणि १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ म्हणून ओळखला गेलेला बँड हा भारतीय रॉक संगीताच्या इतिहासातला एक मोठा टप्पा आहे. खानदेशातल्या वाचकाला हे नाव परकं वाटण्याची शक्यता आहे. इंग्रजी रॉक म्हणजे दक्षिण मुंबईतल्या कॉलेजातल्या पोरांचा शौक, अशी समजूत बरीच वर्षं होती आणि ती अगदीच निराधारही नव्हती. तरीही ही कहाणी इथे वाचली जायला हवी. कारण उसन्या वाद्यांवर आपलं गाणं कसं वाजवायचं, हा जो प्रश्न या बँडने तीस वर्षांच्या आसपास अंगावर वागवला, तोच आज नवापूरच्या बँडगाडीवर कीबोर्डमागे उभ्या असलेल्या पोरापुढे आहे.

रॉक मशीनच्या आधीचं थोडं सांगायला हवं. पाश्चात्त्य वाद्यं मुंबईला नवी नव्हती. लष्करी बँडांतून पितळी वाद्यं लग्नाच्या वरातीत आली, आणि गोव्याहून आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा केला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही त्यांतली नावं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकणाऱ्या फारुख बलसारा या पारशी मुलाने तिथल्या सोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतलं, पण ते इंग्लंडात गेल्यावर. साठच्या दशकाच्या शेवटी ‘बीट ग्रुप’चं वेड आलं. सिगारेट कंपनीच्या पैशावर ‘सिमला बीट’ स्पर्धा भरल्या. सॅव्हेजेस, कंबस्टिबल्स, ह्यूमन बाँडेज, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट असे ग्रुप गाजले. यांतल्या बहुतेकांचा जीव बीटल्स, रोलिंग स्टोन्स, हेंड्रिक्स हुबेहूब वाजवण्यात अडकलेला होता. ऐकणाऱ्यांनाही तेच हवं होतं. मूळ रेकॉर्ड मिळायची मारामार, परदेशी कलाकार इथे क्वचित यायचे, त्यामुळे जो बँड जास्तीत जास्त हुबेहूब वाजवील तो मोठा, हा हिशेब ठरून गेला होता.

रॉक मशीनही याच हिशेबात सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझेस आणि त्यानंतर बॉबी दुग्गल. ही नावं एकापुढे एक वाचली तरी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. कोकणी, गुजराती, पारशी, ख्रिस्ती अशी घरं, आणि सगळ्यांची समान भाषा इंग्रजी. गाणी इंग्रजीत का, असं या मंडळींना आयुष्यभर विचारलं गेलं. त्याचं साधं उत्तर या नावांतच आहे. तालमीच्या खोलीत ते ज्या भाषेत भांडत होते, त्याच भाषेत गात होते.

त्या काळात बँड चालवणं म्हणजे काय होतं, हे आजच्या वाचकाने नीट समजून घ्यावं. चांगली गिटार परदेशातून आणायची तर जबर आयातशुल्क, नाहीतर कुणा नातेवाइकाच्या पेटीतून. एक तार तुटली तर ती मिळेपर्यंत थांबायचं. टीव्ही म्हणजे दूरदर्शन आणि रेडिओ म्हणजे आकाशवाणी. दोन्हीकडे इंग्रजी रॉकला जागा असलीच तर चिमूटभर. कॅसेट कंपन्यांचं लक्ष सिनेमाच्या गाण्यांवर. राहिली कॉलेजांची संमेलनं आणि धोबी तलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे उघडं नाट्यगृह. इथेच जॅझ यात्रा भरायची, इथेच १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. वर आभाळ, पुढे कट्ट्यांवर दाटीवाटीने बसलेली पोरं, आणि मंचावर मुंबईचे बँड. जवळच रुग्णालयं असल्यामुळे पुढे हा परिसर शांतता क्षेत्रात आला आणि रंगभवनातले ध्वनिक्षेपक बंद झाले. रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा होता. पण मुंबईच्या रॉकचं अंगण गेलं ते गेलंच. त्या तोलाची दुसरी जागा शहराने उभी केली नाही, हे नमूद केलंच पाहिजे.

रॉक मशीनने १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम काढला. सीबीएस कंपनीने तो बाजारात आणला. त्यातली गाणी बँडची स्वतःची होती. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या वेळी ती केवढी जोखीम होती हे समजण्यासाठी वरातीचा बँड डोळ्यांसमोर आणावा. वऱ्हाड ओळखीच्या गाण्यावर नाचायला तयार आहे, नवरदेवाचे मित्र नोटा ओवाळायला तयार आहेत, आणि बँडमास्तर म्हणतो, आज मी रचलेलं वाजवणार. पहिल्या पाच मिनिटांत लोक पाण्याच्या टाकीकडे पांगतील. रॉक मशीनपुढे लोक पांगले नाहीत. ‘टॉप ऑफ द रॉक’ कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ झालं आणि परदेशी गाण्यांच्या बरोबरीने मुंबईच्या एका बँडचं गाणं गर्दी गळा मोकळा सोडून गाऊ लागली. या कहाणीतला सगळ्यात मोठा क्षण हाच, पुढच्या बक्षिसांपेक्षाही मोठा. १९९० साली आलेल्या ‘द सेकंड कमिंग’ने तो क्षण योगायोग नव्हता हे दाखवून दिलं.

याच वर्षांत अमेरिकेत काय चाललं होतं तेही पाहायला हवं, कारण ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ हा शब्द तिथून आला. मोठी व्यापारी रेडिओ केंद्रं जे वाजवत नाहीत आणि विद्यापीठांतल्या पोरांनी चालवलेली छोटी केंद्रं जे वाजवतात, ते ‘अल्टरनेटिव्ह’. म्हणजे या शब्दाची सुरुवात कुठल्याही सुरापासून झाली नाही. कुणी वाजवलं आणि कुणी नाकारलं, यावरून हा शब्द घडला.

या वाटेवरचा सगळ्यात शिकण्यासारखा बँड म्हणजे आर.ई.एम. तो न्यूयॉर्कचा नाही, लॉस एंजेलिसचाही नाही. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावातला. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी पहिल्यांदा लोकांपुढे वाजवलं. बिल बेरी, पीटर बक, माइक मिल्स, मायकेल स्टाइप. गाणं कुणीही सुचवलेलं असो, श्रेय चौघांच्या नावे, हा त्यांचा नियम होता. पैशावरून आणि नावावरून फुटलेल्या बँडांची यादी पाहिली तर या एका नियमाची किंमत कळते. १९८३ सालच्या त्यांच्या ‘मर्मर’ या अल्बमला ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, आणि ते वर्ष मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने गाजवलेलं वर्ष होतं. १९८८ मध्ये ते मोठ्या कंपनीकडे गेले. १९९१ साली त्यांचं जे गाणं जगभर वाजलं, ‘लूझिंग माय रिलिजन’, त्याचा कणा मँडोलिनच्या सुरावटीचा होता. रॉकच्या बाजारात मँडोलिन म्हणजे डीजेच्या गाडीवर पावरी हे आदिवासी वाद्य ठेवण्यासारखंच.

१९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये कार्यक्रम चालू असताना ड्रम वाजवणाऱ्या बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो वाचला, पुन्हा वाजवायलाही बसला, पण १९९७ मध्ये बँड सोडून अथेन्सजवळच्या आपल्या शेतावर गेला आणि वैरणीचं गवत पिकवू लागला. उरलेल्या तिघांनी २०११ पर्यंत बँड चालवला आणि मग भांडण न करता थांबवला. जगभर फिरलेला ड्रमर घरी परतून गवताच्या गंजी लावतो, हे चित्र शहाद्याच्या शेतकऱ्याला जितकं जवळचं वाटेल तितकं मुंबईच्या रॉकवेड्यालाही वाटणार नाही.

अथेन्सप्रमाणेच अ‍ॅबर्डीन. वॉशिंग्टन राज्यातलं हे लाकूडतोडीचं गाव. तिथल्या पोरांनी १९८७ साली निर्वाणा सुरू केला आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आलेल्या ‘नेव्हरमाइंड’ने अल्टरनेटिव्ह रॉक हाच मुख्य रस्ता होऊन बसला. तिथे तो गावाकडून शहराकडे आला. भारतात उलटं घडलं. इथे तो महानगरांतून निघाला आणि बराच काळ महानगरांतच अडकून राहिला. अपवाद एक सांगण्यासारखा आहे. देशातलं रॉकचं पहिलं महत्त्वाचं नियतकालिक, ‘रॉक स्ट्रीट जर्नल’, १९९३ साली निघालं ते मुंबई-दिल्लीतून नव्हे, तर अमित सैगल यांच्या खटपटीने अलाहाबादेतून.

१९९१ हे साल इथेही दोन कारणांनी महत्त्वाचं. एक, अर्थव्यवस्थेचे दरवाजे उघडले. दुसरं, उपग्रह वाहिन्या आल्या आणि स्टारबरोबर एमटीव्ही आशिया घराघरांत पोचू लागला. छोट्या गावांत गच्चीवर डिश लागली, खांबाखांबावरून केबल ओढली गेली, आणि ज्या पोरांनी रंगभवन कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या खोलीत गिटार वाजू लागली. रॉक मशीनच्या ‘प्रिटी चाइल्ड’चा व्हिडिओ या वाहिनीवर चालला, आणि १९९३ च्या एमटीव्ही पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान त्याला मिळाला. नऊ वर्षांपूर्वी परक्या गाण्यांवर हात बसवणारी ही मंडळी आता परक्यांच्याच मंचावर आपलं गाणं घेऊन उभी होती.

त्याच वर्षी त्यांनी नाव बदललं. चालतं नाव टाकून देणं हा व्यापाराच्या दृष्टीने शुद्ध तोटा. पण ‘रॉक मशीन’ हे नाव जगातल्या कुठल्याही गावच्या बँडचं असू शकलं असतं. ‘इंडस’ म्हणजे सिंधू. या शब्दात पत्ता होता. १९९५ साली ‘इंडस क्रीड’ नावाचाच अल्बम आला. ऐंशीच्या दशकातला चकचकीत हार्ड रॉक मागे पडला होता. आवाज जास्त खडबडीत, शब्द जास्त आतले, आणि इथल्या मातीतला नाद कुठे कुठे उमटलेला. ‘ट्रॅप्ड’ हे त्यातलं गाणं ऐकलं की बँडचं वय वाढलेलं जाणवतं.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एकाच बाकाचं एक टोक या राज्यात, दुसरं त्या राज्यात. तिथे राहणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. तो मराठीत तिकीट मागतो, गुजरातीत चहा सांगतो, घरी मावचीत बोलतो, आणि यांतली कुठली भाषा खरी असं त्याला कुणी विचारत नाही. इंडस क्रीडला मात्र ते सतत विचारलं गेलं. परदेशात त्यांना म्हणत, तुमच्यात भारत पुरेसा दिसत नाही. देशात म्हणत, तुम्ही आपले वाटत नाही. बाकाच्या मधोमध बसलेल्या माणसाला दोन्हीकडून उठवावं तसं हे होतं, आणि तो त्या बँडवर झालेला अन्याय होता.

अल्बम आला त्याच वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने विक्रीचे आकडे बदलून टाकले. बिड्डूने बांधलेली ती गाणी हिंदीत होती. पाठोपाठ १९९६ मध्ये हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे ‘कलोनियल कझिन्स’ आले. कंपन्यांनी ओळखलं की सिनेमाबाहेरचं संगीत विकता येतं, पण ते हिंदीत किंवा निदान हिंदी मिसळलेलं हवं. इंग्रजी रॉकसाठी बाजारात जी फट उघडली होती ती मिटत गेली. १९९७ साली इंडस क्रीड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा बँड काढला आणि ‘कश्मकश’ नावाचा अल्बम केला. मुंबईत दहा-बारा वर्षं इंग्रजीतून ओळख मिळवणाऱ्या माणसाला अमेरिकेत गेल्यावर हिंदी शब्द हाताशी घ्यावासा वाटला, ही गोष्ट पुढच्या पानांत वाचताना वाचकाने थांबून पाहावी. घरापासून लांब गेल्यावर भाषेचं ओझं उतरतं आणि तिची ओढ उरते, हे सुरतेच्या कारखान्यांत गेलेल्या नंदुरबारकरांनाही ठाऊक आहे.

बेनेगल परतले. तिनईकरांबरोबर ‘व्हर्लिंग कलापाज’ नावाने अकूस्टिक वाद्यांवर साधे कार्यक्रम करू लागले. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने, आणि बासवर रुशाद मिस्त्री, ड्रमवर जय रो कवी हे नव्या पिढीतले. परतलेले बँड बहुधा जुनी गाणी वाजवून जुन्या चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आणतात आणि मानधन घेऊन घरी जातात. यांनी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम काढला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅमच्या ‘टेन’ या १९९१ सालच्या पहिल्या अल्बमचं मिक्सिंगही त्यांचंच, म्हणजे अल्टरनेटिव्ह रॉक ज्या कानांनी घडवला त्यांतलेच हे कान. गाणी लांब झाली होती, गिटार घाई करत नव्हती. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी आपल्या वयाचं संगीत केलं होतं, आणि या बँडच्या कामातलं ते सर्वांत पक्व काम आहे, असं हा लेख लिहिणाऱ्याचं मत आहे.

दरम्यान मुंबई बदलली होती. मराठीतून रॅप करणारी पोरं आली. ‘स्वदेशी’ या गटाने आरेच्या जंगलासाठी लढणारे प्रकाश भोईर यांचा आवाज सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. आदिवासी सूर आणि यंत्रावरचा ताल एकाच गाण्यात आले, आणि मूळ सूर कुठेही दबला नाही. इंडस क्रीडला जे जोडायला दोन दशकं चाचपडावं लागलं, ते या पोरांना चटकन जमलं. त्याचं एक कारण असं की आधीच्या कुणीतरी मंचावर उभं राहून ‘हे गाणं आमचं’ म्हणण्याची सवय श्रोत्यांना लावून ठेवली होती.

नंदुरबारला या वाटेवर नव्याने सुरुवात करायची नाही. शहाद्याला १९७० च्या दशकात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी श्रमिक संघटना उभी केली. त्या चळवळीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी पुढे आला. इथे होळीचा ढोल आहे, पावरी आहे, भिलोरी, पावरी, मावची, देहवाली अशा बोली आहेत, आणि आता घरोघरी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करता येतं. १९८४ च्या मुंबईतल्या मुलांकडे यांतलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे दूर देशाच्या रेकॉर्डी होत्या आणि एक हट्ट होता.

वाचण्याआधी ऐकावं, हे उत्तम. ‘टॉप ऑफ द रॉक’पासून सुरुवात करावी, मग ‘प्रिटी चाइल्ड’, मग ‘ट्रॅप्ड’, आणि शेवटी ‘इव्हॉल्व्ह’मधलं ‘फायरफ्लाइज’. चारही गाणी एका बैठकीत ऐकली तर गायकाचा आवाज तोच असूनही चौथ्या गाण्यात तो वेगळ्या जागेवरून येतो, हे लक्षात येईल. ती जागा कशी बदलत गेली, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या खोलीत कुठलं गाणं बसलं, ते पुढे सविस्तर येईलच.